आमचा देशिंगकर

"आमचा देशिंगकर असता ना, तर असा खुळ्यागत वर्षानुवर्षं दाराबाहेर तिष्ठत बसला नसता," शिवलीला म्हणाली, आणि चिकपेटेतल्या मल्लाप्पा अण्णांच्या कापडदुकानावरच्या खोलीत पोथी ऐकायला जमलेली सगळी मंडळी खळखळून हसली. भाग्यलक्ष्मी अक्का तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. योगीराज तेवढा हसला नाही. त्याचं बोट ओवीवर होतं ते तिथंच राहिलं, आणि पुढची ओवी वाचायची आहे हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. देशिंगकर म्हणाली असती तरी चाललं असतं. 'तो मालिकेतला डॉक्टर' म्हणाली असती तर त्यानंही हसून घेतलं असतं. पण 'आमचा' म्हणाली. लग्नाला वीस वर्षं उलटून गेली, त्यात आमची पोथी, आमचं निपाणी, आमचा गॅस संपलाय, असं सगळं तिच्या तोंडून त्यानं ऐकलं होतं. आमचा योगीराज असं कधी ऐकलं नव्हतं. आता नवऱ्याला कोण कशाला आमचा योगीराज म्हणेल, हे त्यालाही कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

त्यांच्याकडची रीत अशी की पोथी दोन तोंडांनी सांगायची. वाचणाऱ्यानं अर्थ सांगायचा नाही आणि अर्थ सांगणाऱ्यानं पोथीला हात लावायचा नाही. वाचणारा दोन-चार ओव्या वाचतो, ओळीवर बोट ठेवून थांबतो, मान जराशी डावीकडे वळवतो. मग शेजारी बसलेला माणूस साध्या बोलीत अर्थ सांगतो, आणि संपला की "पुढं" म्हणतो. निपाणीत योगीराजचे वडील वाचत आणि एक म्हातारे मास्तर अर्थ सांगत. बेंगळुरात योगीराज वाचतो आणि शिवलीला सांगते. चिकपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं, ज्यांची मुलं आता कन्नडातच भांडतात, ती दर हिवाळ्यात शनिवारच्या संध्याकाळी या खोलीत येऊन बसतात. शिवलीला त्यांच्यासाठी मधूनच कन्नडात शिरते, मधूनच परत येते, आणि राजाच्या महालात गॅस आणि पाण्याचा टँकर आणून सोडते. त्या शनिवारी कलीची गोष्ट चालली होती. एका राजकन्येच्या स्वयंवराला कली निघाला, पण त्याला उशीर झाला. वाटेत परत फिरलेले देव भेटले, म्हणाले, आटपलं, तिनं माणसातल्या एका राजाला वरलं. कलीच्या अंगाची लाही झाली. त्या राजाचा संसार मोडायचा म्हणून तो त्याच्या मागे लागला. पण राजा इतका नेमाचा की वर्षानुवर्षं त्याच्या अंगात शिरायला फटच मिळेना. मग एका संध्याकाळी राजा घाईत पाय नीट न धुताच संध्येला बसला, आणि तेवढ्या कोरड्या टाचेतून कली आत शिरला. इथं योगीराज थांबला होता, आणि इथंच शिवलीलेनं देशिंगकरला आणलं.

हा देशिंगकर म्हणजे डॉक्टर त्रिंबक देशिंगकर, फोनवर ऐकायच्या एका मराठी मालिकेतला खलनायक. ती मालिका शिवलीलेच्या फोनवर घालून दिली आर्यानं. आर्या पुण्याची, एचएसआर लेआउटमधल्या अशाच गोष्टी बनवणाऱ्या कंपनीत कामाला. आईनं बजावलं म्हणून एकदा पोथीला आली, भाग्यलक्ष्मी अक्कांची कडबोळी खाल्ली आणि मग दर शनिवारी येऊ लागली. मालिकेतला देशिंगकर आपली गोष्ट आपणच सांगतो. गावातला सज्जन डॉक्टर, कधी खोटं बोलत नाही, आवाज चढवत नाही, आणि तरी सख्ख्या भावाचं भरलेलं घर एकेक खिळा काढावा तसं मोकळं करत नेतो. "काकू, तुम्ही काय कम्पेअर केलंत! कली आणि देशिंगकर! हे ना, आमच्या रायटर्सना पण सुचलं नसतं," आर्या उठता उठता म्हणाली. मल्लाप्पा अण्णा म्हणाले, "शिवलीलाक्का, आज पहिल्यांदा कली डोळ्यांसमोर दिसला बघा." पोथी फडक्यात बांधत असलेल्या योगीराजला कुणी काही म्हणालं नाही. एरवीही म्हणत नसत. वाचणाऱ्याला काय म्हणायचं असतं, तो वाचतो.

मेट्रोत बसायला जागा मिळाली, तरी तो उभाच राहिला. शिवलीला खाली बसून पिशवीतली कडबोळी नीट लावत होती, आणि तिच्या तोंडावर अजून मघाचं हसू होतं. हे हसू कुणाचं, याचा तो विचार करत होता. मंडळी हसली म्हणून आलेलं, की त्या डॉक्टरचं? त्याला एकदम निपाणीचं घर आठवलं. लग्नाचं पहिलंच वर्ष. मास्तर आजारी पडले आणि वडील वाचता वाचता थांबले तर डावीकडे कुणीच नाही. सगळे एकमेकांकडे बघताहेत, आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून नव्या सुनेचा आवाज आला. घाबरलेला, पण अर्थ सरळ सांगणारा. वडिलांनी मान न वळवता पुढची ओवी धरली. योगीराज तेव्हा समोरच्या भिंतीला टेकून बसला होता. लग्न ठरवून झालेलं, मुलगी बघताना नाव आणि शिक्षण एवढंच विचारलेलं. ही कोण आहे ते त्याला त्या संध्याकाळी समजलं, आणि तो तिच्या प्रेमात पडला. बायकोच्या प्रेमात पडलो हे सांगायचं कुणाला? तिलाही सांगायचं राहिलंच. "बसा की, पाय दुखतील," शिवलीला म्हणाली. "दुखू देत," तो म्हणाला. तिनं वर पाहिलं, मग पिशवीला गाठ मारली.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात योगीराज तपासणी विभागात होता. गाड्यांचे छोटे सुटे भाग त्याच्या टेबलावर येत आणि त्यातला दोष शोधणं हे त्याचं काम. केसाएवढा ओरखडा, भोकाची कड किंचित तिरकी, असं काही दिसलं की तो भाग बाजूला टाकायचा. नजर या कामानं अशी झाली होती की चांगलं असलेलं तिला दिसतच नसे. तिथून ती सरळ पुढे जाई. पहाटे कंपनीची बस, दिवेलागणीला परत. घरी आल्यावर दोघांत जे बोलणं होई ते पाणी आलं का, बिल भरलं का, उद्या डब्याला काय, एवढंच. याचं त्याला दुःख नव्हतं, कारण शनिवार होता. शनिवारी ती दोघं बोलत. तो कुठं थांबतो त्यावरून तिला कळे की आज याला कशाचं वाटलंय, आणि ती ज्या शब्दांत अर्थ सांगे त्यात त्याला उत्तर मिळे. एकदा आईच्या पहिल्या वर्षश्राद्धानंतर तो एका अगदी साध्या ओवीवर थांबला होता, राजा वनातून घरी येतो एवढीच ओवी, आणि शिवलीलेनं अर्थ सांगितला, "आला. पण दारात उभं राहून वाट बघणारं कुणी न्हवतं, म्हणून त्याला आपलं घर ओळखू येईना." एवढं बोलणं त्याला आठवडाभर पुरलं होतं. आणि आता त्या बोलण्यात तिसराच माणूस येऊन बसला, तोही नसलेला माणूस, ज्याची कॉलर धरता येत नाही.

त्या आठवड्यात तो तिच्याकडे टेबलावरचा भाग बघावा तसं बघू लागला. भाकरी थापताना तिच्या कानात फोन ऐकायचं ते पांढरं बोंडूक असे. मधेच हात थांबे, भुवई वर जाई. एकदा ती चक्क "हलकट!" म्हणाली, इतक्या मायेनं की योगीराजचा घास तोंडात फिरू लागला. त्याला ती कधी हलकट म्हणाली नव्हती. तसं म्हणण्यासारखं त्यानं काही केलंच नव्हतं. आयुष्यभर नीट वागल्याचा त्याला पहिल्यांदाच राग आला.

"काय एवढं आहे गं त्याच्यात?" अखेर बुधवारी त्यानं विचारलं.

"कुणाच्यात?"

"त्या तुझ्या डॉक्टरच्यात."

तिनं बोंडूक काढलं. विचारल्याचा तिला आनंदच झाला, हे दिसून तो आणखी चिडला. "अहो, तो वाईटच आहे. पण का वाईट झाला ते सांगतो की. भाऊ काही बोलला की वहिनी हसायची, ह्याच्या बोलण्याला कुणी हसायचं न्हाई. तिथनं सुरू झालं सगळं. आता तुमचा कली घ्या. उशीर झाला, राग आला, आत शिरला. झालं. राक्षस म्हणून वाईट, कली म्हणून वाईट. त्याला कुणी विचारलंच न्हाई, बाबा रे, तुला नेमकं काय झालं?"

"देव-राक्षसांना असं विचारत नसतात. कली म्हणजे पाप. पापाला का कशाचं?"

"म्हणूनच तर त्याची भीती वाटत न्हाई मला. देशिंगकरची वाटते. कली बाहेरनं आत शिरतो, म्हणजे मंत्र म्हटला की बाहेर जाईल. देशिंगकर आतलाच असतोय. पाय धुऊन काय उपयोग?"

बोलताना तिचे डोळे चमकत होते. योगीराजला वाटलं, हे शनिवारचं बोलणं आहे, आज बुधवारी चाललंय, आणि माझ्याशी नव्हे, त्याच्याविषयी चाललंय. "तुमचा कली," ती म्हणाली होती. म्हणजे वाटणी झालीच. देशिंगकर तिचा, कली त्याचा. "भाकरी करपली," तो म्हणाला. करपली नव्हती. तिनं तव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि बोंडूक पुन्हा कानात घातलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्यानं ती मालिका आपल्या फोनवर लावली. चोरून दारू पिणाऱ्यासारखा खिडकीकडे तोंड करून ऐकू लागला. देशिंगकरचा आवाज जाड, रांगडा असेल असं त्यानं धरलं होतं. तो मऊ निघाला. "जेवलात का?" त्यानं आधी विचारलं. मग जरा थांबला, खरंच उत्तराची वाट बघावी इतका थांबला. "नाही जेवलात. तुमच्या श्वासावरून कळतं. असू द्या, मी थोडक्यात सांगतो." होसूर रोडवर गाड्या तुंबल्या होत्या, शेजारचा ऑपरेटर उघड्या तोंडानं झोपला होता, आणि योगीराजला वाटलं, हा माणूस थांबतो. थांबणं ही आपली विद्या. ओवीवर बोट ठेवून कुठं थांबायचं हे वडिलांकडून शिकायला आपल्याला कितीतरी हिवाळे लागले. आणि हा परका, कुठल्याशा काचेच्या खोलीत बसून लिहिलेलं वाचणारा, तिच्या कानात थांबतो आणि तिला वाटतं आपल्यासाठी थांबला. त्यानं पुढचा भाग ऐकला, त्याच्या पुढचाही. देशिंगकर सांगत होता, वहिनीचं हसू भिंतीपलीकडून ऐकू येई तेव्हा मी पुस्तकाचं पान उलटत असे, वाचलेलं नसताना. योगीराजनं फोन बंद केला. त्या दिवशी कारखान्यात त्यानं नेहमीपेक्षा जास्त सुटे भाग बाजूला टाकले. साहेबानं विचारलं तेव्हा म्हणाला, सगळ्यांत दोष आहे.

शनिवारी पोथीत द्यूताचा अध्याय होता. कली आत शिरलेला राजा सारीपाटावर राज्य हरतो, बायकोला घेऊन वनात जातो आणि ती झोपलेली असताना तिला टाकून निघून जातो. शिवलीला नेहमीसारखी डावीकडे बसली, पदर सावरला, घसा साफ केला. योगीराजनं वाचायला सुरुवात केली. पहिली थांबायची जागा आली. तो थांबला नाही. अंगात काहीतरी सरकलं, थंड आणि सुखाचं, आणि तो पुढं वाचत गेला. शिवलीलेनं उघडलेलं तोंड मिटलं. तिला वाटलं असेल, पुढं थांबतील. पुढंही तो थांबला नाही. फासे पडले, रत्नं गेली, हत्ती गेले, तो वाचत राहिला, आवाज खणखणीत, एकही अक्षर न चुकता. "स्वल्प सावकाश, योगीराज," मल्लाप्पा अण्णा मधे म्हणाले, "बायकांना अर्थ कळू दे." "आज अध्याय मोठा आहे," तो म्हणाला आणि पान उलटलं. डावीकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा हात दिसत होता. आधी मांडीवर तळवा वर करून ठेवलेला होता, सांगायला सुरुवात करताना ती ठेवते तसा. मग केव्हातरी तो उलटा झाला. राजा झोपलेल्या राणीचं अर्धं वस्त्र फाडून घेतो आणि दोनदा मागे वळून पाहतो, तिथं निपाणीला बायका रडत. इथं कुणी रडलं नाही, कारण अर्ध्यांना कळलंच नव्हतं. अध्याय संपला. आर्या फोनमध्ये बघत होती. योगीराजला जिंकल्यासारखं वाटलं, आणि पोथी फडक्यात बांधेपर्यंत ते टिकलं.

घरी जाताना तो भांडणाची वाट बघत होता. तिनं विचारावं, का असं केलंत. मग तो सांगेल, एकदाचं सगळं सांगेल. तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी आलं का विचारलं. डब्याला काय हवं विचारलं. भाकरी थापताना कानात बोंडूकही नव्हतं, म्हणजे तो डॉक्टर गेला; पण ज्या जागेवरून तो गेला तिथं योगीराजला कुणी बोलावलं नाही. ती रागावलेलीही दिसत नव्हती. फक्त तिचा हात मधेच थांबत नव्हता, भुवई वर जात नव्हती. नाचणाऱ्याचा पाय मोडावा तसं काहीतरी आपल्या हातून झालंय, हे त्याला शुक्रवारपर्यंत पुरतं उमगलं. शुक्रवारी तो म्हणाला, "उद्या थांबतो मी. नेहमीसारखा." ती म्हणाली, "थांबा की. तुमची पोथी, तुमचं वाचणं."

शनिवारी ती त्याच्या शेजारी बसली नाही. भाग्यलक्ष्मी अक्कांना "घसा बसलाय जरा" असं त्याच्यादेखत स्वच्छ आवाजात सांगून ती समोर बायकांत जाऊन बसली. योगीराज वाचू लागला. अध्याय होता तो कली बाहेर पडण्याचा. राजाला फाशांची विद्या मिळते, आणि मग कली त्याच्या देहातून बाहेर येतो, थरथर कापत हात जोडतो, शाप देऊ नकोस म्हणतो. योगीराज पहिल्या जागेवर थांबला. बोट ओळीवर, मान डावीकडे. सतरंजीचा निळा पट्टा दिसला. खाली दुकानात गठ्ठा टाकल्याचा आवाज झाला. तो शिवलीलेकडे बघत राहिला, आणि तिनं डोळे चुकवले नाहीत. ती आज त्याच्यासाठी काहीही सोपं करणार नव्हती. वाचणाऱ्यानं अर्थ सांगायचा नाही. वडिलांनी हे इतक्यांदा बजावलं होतं की तोंड उघडताना त्याला घाम फुटला.

"कली बाहेर आला," योगीराज म्हणाला. "आपल्याला वाटतं, राक्षस आहे, दात-बित असतील. तसं काही न्हवतं. साधा माणूस दिसत होता. त्याला... त्याला उशीर झाला होता. एवढंच झालं होतं. जी आपल्याला बघून हसावी असं वाटत होतं, ती दुसऱ्याला बघून हसली. तो तिथं होता तरी तिला दिसला न्हाई. मग त्यानं ठरवलं, हिचं हसूच बंद करायचं. झालं तसं. राजाच्या आत बसून त्यानं सगळं मोडलं, आणि मग बघतोय तर... ती कुणाकडंच बघून हसेना. त्याच्याकडं तर न्हाईच न्हाई. आत बसला तेवढे दिवस तो जळतच होता. बाहेर आल्यावर म्हणाला, मला शाप देऊ नको. म्हणजे काय, तर... मला घालवू नको, असं म्हणाला." एवढं बोलून तो थांबला. "पुढं" कुणी म्हणायचं, हे कुणालाच सुचेना. शेवटी मल्लाप्पा अण्णाच म्हणाले, "पुढं." भाग्यलक्ष्मी अक्का डोळे पुसत होत्या, या वेळी हसून नव्हे. शिवलीला अगदी स्थिर बसली होती. हे सगळं कुणाला सांगितलं ते तिला कळलं होतं. पुढच्या जागेवरही तो थांबला, पुढच्याही, आणि दर वेळी त्याला शब्द सापडत गेले. सापडताहेत याचं त्याला सुख वाटू लागलं, आणि शेवटी शेवटी तो तिच्याकडे बघायचंही विसरला.

"काका, हे वेगळ्याच लेव्हलचं होतं! मला अंगावर काटा आला," आर्या म्हणाली. मल्लाप्पा अण्णांनी त्याचे दोन्ही हात धरले. "इतकी वर्षं लपवून ठेवलंत होय हे?"

मेट्रोत दोघांना शेजारी जागा मिळाली. गाडी सुटल्यावर तो हळूच म्हणाला, "चुकलं माझं. त्या दिवशी थांबायला पाहिजे होतं."

"कळलं की. सांगितलंत की मघाशी. सगळ्यांसमोर." ती खिडकीच्या काचेत बघून बोलत होती. "माझ्याशी बोलायचं ते पण तुम्ही मंडळीलाच सांगितलंत."

"तसं न्हवं गं."

"चांगलं सांगितलंत. खरंच. माझ्यापेक्षा चांगलं. मला कली कधी इतका कळला न्हवता." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"पुढच्या शनिवारी बसशील नव्हं शेजारी?"

"कशाला? एका पोथीला दोन तोंडं लागतात, तीन न्हाई. वाचणारं एक, सांगणारं एक. तुमची दोन्ही आहेत. मी ऐकीन की समोर बसून."

तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. योगीराज तिच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. तिचं बोलणं आता संपलं आहे, आणि ते रागानं संपलेलं नाही, हे त्याला स्पष्ट समजत होतं.

पुढच्या शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाचणारा स्वतःच अर्थ सांगतो, आणि कलीसाठी रडवतो, ही बातमी पेटेत पसरली होती. जिन्यातसुद्धा माणसं बसली होती. अध्याय शेवटचा, राजा-राणी पुन्हा भेटतात तो. शिवलीला तिसऱ्या रांगेत होती, दुसऱ्या बायकांसारखीच हात जोडून. योगीराजनं ओव्या वाचल्या, बोट ओळीवर ठेवलं, सवयीनं मान डावीकडे वळवली. तिच्या जागेवर आर्यानं घडी घातलेला टॉवेल ठेवला होता, आणि त्यावर रेकॉर्डिंग सुरू केलेला आपला फोन. "बोला काका," ती कुजबुजली, "क्लिअर येतंय." योगीराज क्षणभर थांबला, मग फोनकडे जरासा वाकला आणि राणीनं नवऱ्याला कसं ओळखलं ते सांगू लागला.